किमान चिंतेचा पाहुणा

पशुपक्ष्यांच्या भवितव्याची नोंद ठेवणारी एक मोठी यादी जगात आहे. तिला ‘लाल यादी’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९६४ साली ती सुरू केली. इस्पितळात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी रुग्णाचा तक्ता टांगलेला असतो, तसे या यादीत प्रत्येक जातीच्या नावापुढे तिच्या प्रकृतीचे निदान लिहिलेले असते. कोणी ‘अतिसंकटग्रस्त’, कोणी ‘संकटग्रस्त’, कोणी ‘असुरक्षित’, कोणी ‘संकटसमीप’. आणि ज्यांच्याविषयी आज तरी घाबरून जाण्याचे कारण नाही, ते ‘किमान चिंतेचे’. आपल्या अंगणातील कावळा, चिमणी आणि साळुंकी या शेवटच्या रकान्यात आहेत. अमूर ससाणा नावाचा एक प्रवासी पक्षीही त्याच रकान्यात आहे.

या दोन शब्दांनी आम्हांला बराच काळ विचारात पाडले आहे. २०१२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात नागालँडमधील एका जलाशयाच्या काठी हे पक्षी दररोज हजारोंच्या संख्येने जाळ्यात धरून मारले जात होते, तेव्हाही त्यांच्या नावापुढे ‘किमान चिंता’ हेच शब्द होते. यादी चुकीची होती असे नाही. जगातील एकूण संख्या पाहता ते निदान योग्यच होते आणि आजही आहे. तथापि निदान योग्य असूनही रुग्ण दगावू शकतो, हे आपण संसारी माणसे जाणतोच. पाहुणा धडधाकट आहे म्हणून त्याला रात्रीच्या अंधारात वाटेवर एकटे सोडावे, असे कोणी म्हणत नाही. या पक्ष्याची कथा वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटले, ते एवढ्याचसाठी.

ससाणा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजाच्या मनगटावर बसलेला उग्र शिकारी पक्षी उभा राहतो. अमूर ससाणा तसा दांडगा नाही. कबुतराहूनही लहान चणीचा, वजनाने जेमतेम दीडशे ग्रॅम. पंख पसरले म्हणजे मात्र दोन-सव्वादोन फूट भरतात, आणि हे लांब, निमुळते पंख हीच त्याची खरी मिळकत आहे. नर पाटीसारख्या काळसर राखी रंगाचा. पाय आणि डोळ्यांभोवतीचे कडे नारिंगी-तांबडे. शेपटीखालचा भाग विटकरी. तो डोक्यावरून उडत गेला की पंखांच्या आतली बाजू एकाएकी पांढरीशुभ्र दिसते. मादीच्या फिकट छातीवर गडद ठिपके आणि रेघा असतात. मोठ्या शिकारीच्या वाटेला हा पक्षी सहसा जात नाही. किडे हेच त्याचे मुख्य अन्न. चतुर, टोळ, नाकतोडे, पंख फुटलेली वाळवी यांवर त्याचा निर्वाह चालतो. इतक्या क्षुल्लक शिदोरीवर तो जो प्रवास करतो, तो वाचून आम्ही थक्क झालो.

त्याचे माहेर फार दूर आहे. रशिया आणि चीन यांच्या सीमेवरून अमूर नावाची मोठी नदी वाहते. तिच्यावरून त्याला नाव मिळाले. सैबेरियाचा आग्नेय भाग, मंगोलियाचा ईशान्य कोपरा, चीनचा उत्तर व ईशान्य प्रदेश आणि उत्तर कोरिया एवढ्या टापूत तो उन्हाळ्यात वीण घालतो. स्वतः घरटे बांधण्याच्या फंदात तो पडत नाही. कावळ्यांनी किंवा त्यांच्या भाऊबंदांनी सोडून दिलेली जुनी घरटी त्याला चालतात. त्यात तीन-चार अंडी घालायची, पिले वाढवायची आणि थंडीची चाहूल लागताच निघायचे. जायचे कुठे? तर थेट आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडे. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, झिंबाब्वे, झांबिया या देशांच्या गवताळ माळांवर त्या वेळी उन्हाळा आणि पाऊस असतो, आणि किड्यांची सुगी असते. जाऊन-येऊन सुमारे २२,००० किलोमीटरांची ही वारी तो दरवर्षी करतो. शिकारी पक्ष्यांमध्ये एवढा लांब पल्ला गाठणारे फार थोडे.

या वाटेवर दोन मोठे अडथळे आहेत. पहिला हिमालयाचा आणि दुसरा समुद्राचा. हिमालयाला पूर्वेकडून वळसा घालून हे थवे ऑक्टोबरच्या मध्यास ईशान्य भारतात उतरतात. नागालँड, मणिपूर, आसाम आणि मेघालय येथील डोंगरांत ते दोन-तीन आठवडे मुक्काम करतात. हा मुक्काम केवळ विसाव्यासाठी नसतो. पावसाळा सरल्यावर त्या डोंगरांत वाळवीला पंख फुटतात आणि ती जमिनीतून ढगासारखी वर येते. ही वाळवी म्हणजे चरबीने भरलेले अन्न. ससाणे ती मनसोक्त खातात आणि अंगावर चरबीचा साठा करून घेतात. लांबच्या गाडीने निघण्यापूर्वी प्रवासी शिदोरी बांधून घेतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की या प्रवाशाला पुढे स्टेशन नाही.

नोव्हेंबरात योग्य वारे सुरू झाले की थवे उठतात. भारताचा पूर्व किनारा, दख्खनचे पठार आणि सह्याद्री ओलांडून ते कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यांवरून अरबी समुद्रावर शिरतात. पुढे सुमारे ३,००० किलोमीटर पाणीच पाणी. बसायला फांदी नाही, प्यायला गोडे पाणी नाही. याच सुमारास आपल्या देशातून आफ्रिकेकडे चतुरांचेही थवे समुद्रावरून जात असतात, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. ससाणे वाटेत या सहप्रवाशांवरच गुजराण करीत असावेत, असाही त्यांचा तर्क आहे. तो खरा असेल तर देवाच्या या अन्नछत्राचे आश्चर्य करावे तेवढे थोडेच. सोमालियाचा किनारा दिसला की समुद्र संपतो; मग केनिया, टांझानिया असे करीत ते दक्षिणेस पोहोचतात.

आपल्या महाराष्ट्रात हे पक्षी फार थोडा वेळ थांबतात. सह्याद्रीच्या माथ्यावर, विशेषतः लोणावळ्याच्या परिसरातील माळांवर, ते नोव्हेंबर-डिसेंबरात दिसतात, हे पक्षिनिरीक्षकांना ठाऊक आहे. आम्हीही एका नोव्हेंबरच्या अखेरीस काही स्नेह्यांसमवेत तेथे गेलो होतो. उन्हे उतरू लागली होती आणि वाळलेल्या गवतावर चतुरांची झुंबड उडाली होती. इतक्यात आठ-दहा ससाणे वाऱ्यावर अलगद तरंगत आले. एक जण हवेत जागच्या जागी पंख फडफडवीत थांबला, खाली झेपावला, चतुर पायांत धरला आणि उडता उडताच खाऊ लागला. हा सारा व्यवहार कोणताही गाजावाजा न करता चालला होता. आमच्यातील एका वयस्क मावशींनी विचारले, “हे आता इथून कुठे जाणार?” “आफ्रिकेला,” असे उत्तर मिळाल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई गं! आणि सोबत काही सामान नाही!” पक्ष्याच्या प्रवासाचे याहून नेमके वर्णन आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही.

आता त्या जलाशयाकडे वळू या.

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नावाची नदी आहे. तिच्यावर धरण बांधून वीजनिर्मिती करण्याचा प्रकल्प २००० साली पुरा झाला. धरणामागे मोठा जलाशय निर्माण झाला आणि त्याखाली लोथा नागा लोकांची कसदार शेते गेली. पांगती हे त्यांच्यातीलच एक गाव. ज्यांची शेती पाण्याखाली गेली, त्यांतले अनेक जण मासेमारीकडे वळले. त्याच सुमारास जलाशयाच्या काठच्या झाडांवर अमूर ससाणे प्रचंड संख्येने रात्रीच्या मुक्कामाला उतरू लागले. मनुष्याचे धरण, नदीचे पाणी, डोंगरातील वाळवी आणि पक्ष्यांचा मुक्काम यांचा असा योग जुळून आला. सायंकाळी आकाश काळे होई, असे ते दृश्य पाहिलेले लोक सांगतात.

ज्याची शेती गेली आहे, ज्याच्या हातात मासेमारीचे जाळे आहे आणि ज्याच्या दारात आकाशातून अन्न उतरते आहे, तो मनुष्य काय करील? पांगतीच्या लोकांनी तेच केले. मुक्कामाच्या झाडांदरम्यान मासेमारीची जाळी उंच ताणून बांधण्यात आली. पहाटे थवे उठत आणि सायंकाळी उतरत, तेव्हा पक्षी त्यांत अडकत. जिवंत पक्षी मच्छरदाण्यांत कोंबून ठेवले जात. मारलेले सोलून, धुरावर भाजून, काठ्यांना बांधून विकायला नेले जात.

ऑक्टोबर २०१२ मध्ये रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, पत्रकार बानो हरालू आणि रोकोहेबी कुओत्सू हे चौघे तेथे पोहोचले आणि त्यांनी या प्रकाराचे चित्रीकरण केले. साठ ते सत्तर टोळ्या, प्रत्येक टोळीला दिवसाला सुमारे १८० पक्षी, असा त्यांनी हिशेब मांडला. म्हणजे दिवसाला सुमारे अकरा ते साडेबारा हजार. दहा-बारा दिवसांच्या हंगामात एक लाख वीस हजार ते एक लाख चाळीस हजार पक्षी एकट्या त्या जागी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. दैवाचा विलक्षण भाग असा, की त्याच महिन्यात हैदराबादेत जैवविविधता करारातील राष्ट्रांची जागतिक परिषद भरली होती आणि तिचे यजमानपद आपल्या देशाकडे होते. स्थलांतरी पक्ष्यांचे रक्षण करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात तर भारत १९८३ पासून सामील आहे, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याहून जुना. करार होता, कायदा होता, परिषदही होती. आणि जाळीही होती.

ही चित्रे जगभर गेली तेव्हा नागा लोकांवर शिव्याशापांचा वर्षाव झाला. आम्हांला तो रुचला नाही. मांसाहार करणाऱ्या कोणत्याही समाजाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणे बरे नव्हे. आपल्या किनारपट्टीवरही थंडीच्या दिवसांत पाणपक्ष्यांना फासे लावणारी आणि छर्‍यांच्या बंदुका घेऊन खाजणात उतरणारी माणसे आमच्या लहानपणी होती; सणाला लावे किंवा रानबदक शिजले तर घरात त्याचे कौतुकच होत असे. नागा डोंगरांत शिकार हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आचार आहे. बदलले ते प्रमाण. मनुष्य घरच्या चुलीसाठी चार पक्षी मारतो, तेव्हा त्याची भूक त्याला मर्यादा घालते. बाजारासाठी मारू लागतो, तेव्हा भूक दुसऱ्याची असते आणि तिला अंत नसतो. एका ससाण्याला त्या वेळी अगदी थोडे पैसे मिळत. शुभवर्तमानात चिमण्यांच्या बाजारभावाचा उल्लेख आहे, तो येथे कोणालाही आठवावा. वस्तू जितकी स्वस्त, तितकी ती अधिक विकावी लागते. म्हणून स्वस्त जीवाचे मरण नेहमी घाऊकच असते.

यानंतर जे घडले, ते आमच्या मते या कथेतील सर्वांत मोलाचे आहे. सरकारी आदेश निघाले, पहारे बसले. ते आवश्यकच होते. परंतु डोंगरातील एका गावाला केवळ पोलिसांच्या बळावर वर्षानुवर्षे रोखून धरता येत नाही. नागालँडमधील बहुसंख्य प्रजा ख्रिस्ती आहे आणि त्यातही बाप्टिस्ट पंथाची आहे. गावसभा आणि चर्च हे तेथील जीवनाचे दोन खांब. कार्यकर्ते या दोहोंकडे गेले. चर्चमधून पाळकांनी लोकांना समजावले. शाळकरी मुलांसाठी ससाण्यांची माहिती देणारे वर्ग भरू लागले. पांगती, आशा आणि सुंग्रो या गावांच्या सभांनी शिकार बंद करण्याचा करार केला आणि मोडणाऱ्यास दंड ठरवला. ज्यांच्या जमिनीत पक्ष्यांचा मुक्काम होता, त्या मालकांनी आपला संघ स्थापन केला. कालपर्यंत जाळी बांधणारे काही तरुण पहारेकरी झाले. २०१३ च्या हंगामात दोयांगच्या काठी एकही ससाणा जाळ्यात धरला गेला नाही, अशी नोंद झाली. लाखाच्या पुढचा आकडा एका वर्षात शून्यावर आला. निसर्गरक्षणाच्या इतिहासात असे पालट फार थोडे सापडतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेचे संशोधक आणि हंगेरीचे पक्षितज्ज्ञ यांनी मिळून तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅम वजनाची, सूर्यप्रकाशावर चालणारी यंत्रे बसवली. उपग्रहाद्वारे त्यांचा माग घेता यावा, हा हेतू. पक्ष्यांना नावे दिली गेली ती ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’. ज्या गावाच्या नावाशी हत्याकांड जोडले गेले होते, त्याच गावाचे नाव घेऊन एक पक्षी समुद्रावर निघाला. ‘नागा’ने सुमारे ५,६०० किलोमीटरांचे अंतर पाच दिवस आणि दहा तासांत, वाटेत कोठेही न उतरता कापले. भारतीय द्वीपकल्प आणि अरबी समुद्र त्याने एका दमात ओलांडला. पुढल्या वर्षी ‘नागा’ आणि ‘पांगती’ पुन्हा नागालँडच्या आकाशात आले, तेव्हा गावातील लोकांना परदेशी नोकरीला गेलेला मुलगा सुट्टीवर आल्यासारखे वाटले असेल. आखातात आणि बोटीवर मुले पाठवलेल्या आपल्या समाजाला हा आनंद समजावून सांगण्याची गरज नाही.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग आता चिंता कशाची? शिकार थांबली, पक्ष्यांची संख्या मोठी आहे, यादीतही तसेच लिहिले आहे. येथेच थोडे थांबावे असे आम्ही सुचवतो.

पिवळ्या छातीचा भारीट नावाचा एक चिमणीएवढा स्थलांतरी पक्षी आहे. एके काळी फिनलंडपासून जपानपर्यंत त्याची वीण होत असे आणि त्याची संख्या अमाप होती. २००४ पर्यंत लाल यादीत तोही ‘किमान चिंतेचा’ होता. परंतु त्याचा प्रवास चीनमधून होई आणि तेथे तो चवीसाठी जाळ्यांनी पकडला जाई. चीनने १९९७ साली बंदी घातली, तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. २००४ साली तो ‘संकटसमीप’, २००८ साली ‘असुरक्षित’, २०१३ साली ‘संकटग्रस्त’ आणि २०१७ साली ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. तेरा वर्षांत तो जणू बाहेरच्या ओसरीवरून अतिदक्षता विभागात गेला. अमेरिकेतील प्रवासी कबुतराची गोष्ट त्याहून जुनी. अब्जावधींच्या संख्येने उडणारा तो पक्षी. त्याची शेवटची मादी ‘मार्था’ १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. एवढा विपुल पक्षी संपेल, हे त्या काळच्या माणसांना खरेच वाटत नव्हते.

यातून स्थलांतरी पक्ष्याविषयी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्याचा विस्तार नकाशावर पाहिला तर दोन खंडांएवढा दिसतो आणि तो सुरक्षित वाटतो. परंतु तो सगळीकडे एकाच वेळी नसतो. वर्षातील काही दिवस तो सर्वच्या सर्व, किंवा त्याचा फार मोठा भाग, एखाद्या दरीत, एखाद्या जलाशयाच्या काठी गोळा होतो. दोन खंडांचा पक्षी तेव्हा एका गावाचा होतो. त्या गावाने जाळे लावले तर सैबेरियातील घरटी रिकामी राहतात आणि आफ्रिकेतील शेतावर टोळ वाढतात. आणि हे नुकसान करणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. म्हणून अशा पक्ष्याची प्रकृती त्याच्या एकूण संख्येवरून ओळखू नये. त्याच्या वाटेवरील सर्वांत अरुंद जागी काय चालले आहे, ते पाहावे.

अशा अरुंद जागा आजही आहेत. २०१८ साली मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात दोन ससाण्यांना यंत्रे बसवली गेली. त्यांपैकी ‘मणिपूर’ नाव दिलेला पक्षी काही दिवसांतच त्या परिसरात मृत सापडला. दक्षिण आफ्रिकेत हे पक्षी गावोगावच्या उंच झाडांवर हजारोंच्या संख्येने रात्र काढतात. मार्च २०१९ मध्ये क्वाझुलू-नाताल प्रांतात झालेल्या गारपिटीत असे शेकडो पक्षी दगावले. गारपीट कोणाच्या हातची नाही. परंतु शेतावर फवारलेले विष मनुष्याच्या हातचे असते, आणि जो पक्षी मुख्यतः किड्यांवर जगतो, त्याच्या ताटात ते विष पहिल्यांदा वाढले जाते. ईशान्येकडील जंगल तुटले, वाळवीचा हंगाम बिघडला, तर समुद्रावर निघालेल्या पक्ष्याची शिदोरी अपुरी पडेल. त्यासाठी जाळ्याची गरज उरणार नाही.

आणखी एक प्रश्न आम्हांला सतत टोचतो. या रक्षणाची किंमत कोणी भरली? सैबेरियाने नाही, आफ्रिकेने नाही, लोणावळ्याला दुर्बिणी घेऊन जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर मुळीच नाही. ती पांगतीच्या कुटुंबांनी भरली. ज्यांची शेते आधीच देशाच्या विजेसाठी गेली होती, त्यांनीच हंगामाची मिळकतही सोडली. त्यांच्यापैकी काहींना कोंबड्या पाळण्यासाठी साहाय्य मिळाले. पक्षी पाहायला प्रवासी येऊ लागल्यावर काही घरांत पाहुण्यांची सोय झाली आणि चार पैसे येऊ लागले. परंतु पाहुण्यांसाठी खोली त्यालाच देता येते ज्याच्या घराला जास्तीची खोली आहे, आणि पक्ष्यांचा हंगाम तर महिनाभराचाच. गरिबाने केलेल्या त्यागाचे आपण व्यासपीठावरून फार लवकर कौतुक करतो आणि कौतुकाने हिशेब फिटला असे समजतो. तो फिटत नाही. एका वर्षाचा संयम भावनेच्या बळावर पाळता येतो. वीस वर्षांचा संयम पाळायचा तर मुलांच्या शाळेची फी, आजारपणाचा खर्च आणि लग्नकार्य यांची दुसरी काही तजवीज लागते. ससाण्याच्या प्रवासात ज्या ज्या देशांचा वाटा आहे, त्यांचा या तजविजीतही वाटा असला पाहिजे. अन्यथा एखाद्या तंगीच्या वर्षी जाळी पुन्हा माळ्यावरून खाली येतील, आणि त्या वेळी दोष केवळ जाळे बांधणाऱ्याचा नसेल.

पांगतीच्या लोकांची थोरवी मात्र यामुळे कमी होत नाही, उलट वाढतेच. कारण जो पक्षी ते वाचवतात, तो त्यांचा नाही. तो वर्षातून तीन आठवडे त्यांच्या अंगणात उतरतो आणि निघून जातो. त्याची पिले ते कधी पाहणार नाहीत. अशा परक्या, मुक्या, काहीही परत न देणाऱ्या प्रवाशाला सुखरूप पुढे जाऊ देणे, हा आतिथ्याचा फार वरचा प्रकार आहे. आपल्या घरी आलेल्याला आपण जेवू घालतो, कारण उद्या आपण त्याच्या घरी जाणार असतो. येथे तशी परतफेड नाही.

मराठीत ‘चिंता’ आणि ‘काळजी’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु बोलीने त्यांच्यात एक सूक्ष्म भेद राखला आहे. चिंता आपण करतो. काळजी करतोही आणि घेतोही. चिंता करणारा मनुष्य खुर्चीत बसून राहू शकतो, काळजी घेणाऱ्याला उठावे लागते. लाल यादी लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनी अमूर ससाण्याविषयी चिंता किमान ठेवली, ती योग्यच आहे. सतत घाबरून राहिल्याने कोणाचेच भले होत नाही. मात्र काळजी किमान ठेवावी, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. ती घेणे त्यांच्या हाती नाहीच. ती त्या त्या वाटेवरच्या माणसांच्या हाती आहे.

त्या वाटेवर आपणही आहोत. येत्या नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नाच्या आणि आगमनकाळाच्या आसपास, कोणा एका रात्री आपण झोपलेलो असताना ससाण्यांचे थवे आपल्या कौलांवरून आणि गच्च्यांवरून समुद्राकडे जातील. आपल्याला त्यांचा आवाजही ऐकू येणार नाही. कोकणचा हा किनारा म्हणजे त्यांच्या पायांखालची शेवटची जमीन. त्यांच्यातील प्रत्येकाच्या अंगावरची चरबी नागालँडच्या डोंगरात जमलेली असेल, आणि ती जमू दिली म्हणून कोणा एका लोथा कुटुंबाने त्या वर्षी जाळे गुंडाळून ठेवलेले असेल.